पाणी कुठवर आलतं?

भामानं त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो एका डोळ्यानं तिच्याकडं बघत होता. दुसरा डोळा मिटलेला!

त्याच्यापुढं तीन लाकडी पायांवर पितळी दुर्बीण उभी होती, आणि तिचं तोंड थेट भामाच्या टरबुजांच्या वाडीकडं. फाल्गुन लागला होता. सिंदफणेचं पाणी आटून पल्याडच्या काठाला जाऊन बसलं होतं, आणि अल्याडच्या कोरड्या वाळूत धुळाजी नावाड्यानं आणि त्याच्या लेकीनं दरसालप्रमाणं टरबुजं लावली होती. पावसाळ्यात माणसं पल्याड न्यायची, उन्हाळ्यात टरबुजं पिकवायची. उतारवाडीच्या या बापलेकीचं पोट बारा महिने नदीच्याच हातात होतं.

आता दुसरी एखादी असती तर पदरात तोंड लपवून झोपडीत पळाली असती. भामा खुरपं घेऊन तरातरा वाळू तुडवत निघाली.

"ओ साहेब! काय बघायलाव? टरबुजं का मला?"

तो दचकला. चोवीस-पंचविशीचा सावळा, उंच गडी. डोक्यावर साहेबी टोप, कानामागं पेन्सिल. "मी... म्हणजे... ती पट्टी बघतोय," तो म्हणाला आणि त्यानं तिच्या मागं बोट दाखवलं. तिथं मोजणीतला त्याचा मदतनीस चाँद खलाशी, दाढीवाला थोराड माणूस, हातात रंगीत आकड्यांची उंच काठी धरून उन्हात उभा होता. "तुम्ही मधी आलात."

"म्या मधी आले? वाडी माझी, वाळू माझी, आन मधी बी मीच?"

"आणि खरं सांगू का..." तो जरा चाचरला. "तुम्ही उलट्या दिसत होता."

"उलट्या म्हंजी?"

"डोकं खाली, पाय वर. या दुर्बिणीत सगळंच उलटं दिसतं. बघा हवं तर."

भामानं बघितलं, आणि अगं आई गं! सारी उतारवाडी आभाळाला लोंबकळत होती. वेशीजवळचा लिंब खाली शेंडा करून, चाँदची दाढी वर उडालेली, आणि तिचा बा डोक्यावर घागर घेऊन चक्क आभाळावरनं चालत येत होता. ती इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

"मंग तुमचं मोजणं बी उलटंच येत आसंल की!"

"सवय होते. उलट्यातून सुलट काढायचं."

"जमतंय का पर?"

"पाण्याचं जमतं," तो म्हणाला, आणि तिच्या डोळ्यांकडं बघून एकदम खाली बघू लागला. "माणसांचं न्हाई जमत."

पलीकडून चाँद ओरडला, "साब, पट्टी पकडूं का टरबूज पकडूं?"

त्याचं नाव बद्रीनाथ. निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात तो ओव्हरसियर होता. बीडहून माजलगावकडं निघालेली सडक उतारवाडीच्या घाटापर्यंत ऐटीत यायची आणि तिथं नदीत उतरून नाहीशी व्हायची. पावसाळ्याचे चार महिने पल्याड जायचं तर धुळाजीची काईल. काईल म्हणजे गूळ शिजवायची ती मोठी लोखंडी कढई. तिच्यात पाच माणसं बसवायची, बाजूला वाळलेले भोपळे बांधायचे आणि वल्हं मारत देवाचं नाव घ्यायचं. सरकारच्या मनात आता इथं पूल बांधायचं आलं होतं.

जाताना त्यानं वही उघडली आणि विचारलं, "सगळ्यात मोठ्या पुरात पाणी कुठवर आलतं?"

साहेबाच्या तोंडी गावाकडचं 'आलतं' ऐकून भामाला मोठी गंमत वाटली.

झालं, त्या दिवसापासून गडी रोज यायला लागला. आणि रोजचं विचारणं एकच. पाणी! गेल्या साली कुठवर आलतं? प्लेगाच्या साली कुठवर आलतं? धार कोणत्या काठाला मारते, भोवरा कुठं पडतो? भामा सांगायची आणि तो लिहायचा. त्याची वही भरत चालली आणि भामाच्या डोक्यात नुसता गोंधळ. हा माणूस माझ्याशी बोलतो का नदीशी?

एकदा ऊन लई तापलं, तर त्यानं आपला टोप काढून अलगद तिच्या डोक्यावर ठेवला. तिनं खुरपं खाली ठेवलं. आता हा काहीतरी बोलणार... ओठ हलले... "श्रावणात वारं कुणीकडनं असतं हो?"

"तुमच्या टकुऱ्यातनं!" भामानं टोप वाळूत आपटला.

दुसऱ्या दिवशी तिनं ठरवलं, बोलायचंच नाही. पण बसल्या बसल्या त्यानं एक टरबूज मधोमध कापलं, गर खाल्ला, साल वाळूत पालथी घातली, तिला खालून दोन्ही बाजूंनी दारं कोरली आणि वर एक मोठा धोंडा ठेवला. साल मोडली नाही.

"ही कमान," तो म्हणाला. मग तांब्यानं पाणी ओतलं. पाणी दारातून सळसळत गेलं. "पूल बांधायचा म्हणजे आधी पाण्याला वाट द्यायची. उरेल तिथं दगड. खांब जास्त केले तर नदीची वाट अडते आणि ती चिडते. म्हणून खांब थोडे आणि कमानी रुंद. आणि खांबाला वरच्या अंगानं असं टोक काढायचं, पाणी दोहीकडं फाटायला."

"ह्ये तर नावंचं नाक हाय!" भामा बोलायचं नाही हे विसरून गेली.

"तेच! त्यावरनंच घेतलंय." त्याचा चेहरा इतका उजळला की भामाला वाटलं, आपण या माणसाला मोठं काहीतरी दिलं. मग त्यानं नदीच्या मधोमध वाळूतून डोकं काढलेले तीन दगडी बुंधे दाखवले. कुठल्यातरी जुन्या अमदानीत इथं पूल होता म्हणे. भामा त्यांच्यावर लुगडी वाळवायची, पण ते पुलाचे खांब आहेत हे तिला ठाऊकच नव्हतं.

"चुना बघा. गुळाचं पाणी आणि बेलफळ घालून मळलेला. अजून दगड सोडत नाही. गवंडी चुकला नव्हता. ज्यानं पुराची उंची विचारली तो चुकला. पूल बुटका झाला, आणि पाणी वरनं गेलं."

दोघांची बोटं त्या जुन्या चुन्यावरून फिरत होती. फिरता फिरता एकमेकांना लागली. दोघांनीही हात काढला नाही... आणि मग दोघांनी एकदमच काढला.

घरी छबुआत्या चुलीपुढं बसून टोमणा मारायला टपलेलीच असायची. धुळाजीची ही बहीण, जिभेची तिखट आणि मनानं गोड. "साहेब हाय त्यो, भामे. साहेब लोकं टरबूज खातेत आन बी थुकून जातेत. तू त्ये बी होऊ नगंस."

"माझं काय हाय त्यात? त्यो पाण्याचं इचारतो."

"आन तू लाल कावून व्हतीस?"

भामानं चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं. ती अठरा वर्षांची होती. पाळण्यात ठरलेला नवरा प्लेगात गेला, तेव्हापासून पांढऱ्या पायाची म्हणून तिला कोणी मागणी घातली नव्हती. तिनंही ते मनाआड केलं होतं. आता हे मधेच काय उपटलं, तिला समजेना. ती भाकरीत मीठ दोनदा घालायची, आणि तिसऱ्या दिवशी घालायचीच नाही.

चैत्रात एक दिवस बद्रीनाथ आनंदानं उड्या मारतच आला. "भामाबाई, सापडलं! वहीतलं सगळं सांगोवांगी होतं. पण तुमच्या गावात पुराची पक्की खूण आहे आणि मी महिनाभर बाहेर हिंडतोय!"

त्यानं काठावरच्या उंबराखाली बोट दाखवलं, आणि भामाच्या पायाखालची वाळू सरकली.

उंबराखाली शेंदूर लावलेले सात धोंडे होते. साती आसरा, पाण्याच्या सात बहिणी. उतारवाडीची रीत अशी की मोठा पूर येऊन गेला की पाणी जिथवर चढलं तिथं आसरा मांडायच्या. पाणी त्यांचे पाय धुतं आणि माघारी जातं. त्यांना ओलांडून वर येत नाही, ही गावाची श्रद्धा. पाटलापासून पोराटोरांपर्यंत सगळ्यांनी बद्रीनाथला तेच सांगितलं होतं. त्यानं पट्टी लावली, उंची लिहिली, नकाशा काढला. सात कमानींचा पूल, याच घाटावर.

"पाणी याहून वर चढत असतं ना, तर इथं पूल झालाच नसता," तो सांगत होता. "काठ बसका आहे. वर दोन कोसांवर खडकाची अरुंद जागा आहे, तिकडं न्यावा लागला असता. पण आता इथंच! तीन वर्षं काम चालेल. तीन वर्षं मी इथंच असेन." हे म्हणताना त्याचा आवाज जरा मऊ झाला. "धुळाजीबाबांना पुलाचा चौकीदार करायचं साहेबांनी कबूल केलंय. उद्या नकाशा हैदराबादेला जातो. खाली माझी सही आहे."

भामा हसली. काहीतरी बोललीसुद्धा. पण कानात नुसतं घों घों होत होतं.

कारण त्या धोंड्यांची ती जागाच नव्हती!

सात वर्षांमागं, भामा अकरा वर्षांची असताना, सिंदफणा पिसाळली होती. पाणी पार वेशीजवळच्या लिंबाच्या पारापर्यंत चढलं, आणि गावानं आसरा तिथं नेऊन मांडल्या. भामाची आई केशरबाई तेव्हा गुडघ्यांनी अधू झालेली. दर शुक्रवारी आसरांना दहीभात न्यायचा तिचा नेम. ती चढण ती अक्षरशः रांगत चढायची, दहीभाताचं ताट पुढं सरकवत सरकवत. पोरीला ते बघवेना. एका भर दुपारी, सारं गाव रानात गेलेलं बघून, तिनं एकेक धोंडा छातीशी धरला आणि सात खेपांत साती आसरा खाली उंबराखाली आणून मांडल्या. दोन पुरुष उंचीचा फरक.

गावात हलकल्लोळ झाला. आसरा आपल्या पायांनी उतरल्या! केशरबाईसाठी उतरल्या! दरसाल चैत्रात तिथं नारळ फुटायला लागले. आसरा उतरल्या म्हणजे पाण्याची हद्दही उतरली असं धरून गावानं त्या पुराचं नाव काढायचंच सोडलं. आणि आईचा तो चेहरा... पुढल्या साली आईनं जीव सोडला तो हेच धरून, "माझ्यासाठी उतरल्या गं बया." भामानं ते सात वर्षं पोटात ठेवलं होतं.

आता सांगावं तर आईचा देव खोटा पडणार, बाची चौकी जाणार, आणि पूल दोन कोस लांब जाणार. पुलासंगं हाही जाणार. न सांगावं तर? न सांगितलं तर तीन वर्षं तो रोज डोळ्यांपुढं. कुणाला काय कळतंय? असला पूर पुन्हा कधी येतोय की नाही...

"तुम्ही पूल कावून बांधताव?" तिनं एकाएकी विचारलं.

तो वाळूत बसला. "हैदराबादेत शिकत होतो तेव्हा मुसी नदीला पूर आला. पूल वाहून जाताना मी डोळ्यांनी पाहिलाय. पुलावर माणसं होती. पूल आहे म्हणून बिनघोर उभी राहिलेली." त्यानं वाळूची मूठ भरली आणि सोडली. "नावंत बसणारा माणूस भिऊन बसतो, भामाबाई. पुलावर कुणी भीत नाही. म्हणून चुकायचं नसतं."

त्या दिवशी भामाला घास गिळवला नाही. ती उंबराखाली जाऊन आली, लिंबाखाली जाऊन आली, पुन्हा उंबराखाली गेली. छबुआत्या म्हणाली, "काय गं, वाट चुकलेल्या शेळीवानी करायलीस?"

सकाळी सामान आवरून तो निघायच्या बेतात होता, तेव्हा ती धापा टाकत आली आणि एका दमात सगळं बोलून गेली. पूर, आईचे गुडघे, सात खेपा. "खरं पाणी लिंबापस्तोर आलतं. आसरा म्या आणल्या खाली. तुमचा नकाशा चुकलाय."

बद्रीनाथच्या हातातली वही तशीच उघडी राहिली. त्यानं लिंबाकडं पाहिलं, उंबराकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं. त्या बघण्यात राग होता, का कीव होती, का आणखी काही होतं... तिला काही म्हणता काही कळेना. त्यानं वही मिटली, दुर्बीण पेटीत घातली, घोड्यावर बसला आणि गेला. एक शब्द नाही!

बी थुकून गेला, भामाला वाटलं. ती वाडीत जाऊन रडली, आणि रडताना स्वतःवरच चिडली, की गेला ते बरं झालं म्हणून रडतेय का वाईट झालं म्हणून?

जेठ महिन्यात चाँद खलाशी विसरलेली मोजणीची साखळी न्यायला आला. भामानं त्याला शेवटचं टरबूज कापून दिलं. त्यानं दाढीवरनं रस पुसला आणि आपण होऊनच म्हणाला, "नकाशा वापस आ गया. पूल अब उप्पर, खडक पे. साब अपनाच नाम लिख दिये. लिखे, खूण मैंने बराबर नहीं देखी. बडे साब लई खफा हुए, तरक्की रोक दिये. किसने बताया पूछे, तो साब चुप."

"माझं नाव न्हाई सांगितलं?"

"नक्को बोले."

घ्या! इतके दिवस राग धरून बसली होती, आता तोही धरता येईना. नाव झाकलं म्हणजे माया? का नुसता भला माणूस म्हणून? मग आला का नाही? तिनं विचार करकरून डोक्याचा भुगा केला. आषाढ गेला, श्रावण गेला.

भाद्रपदात गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, वर बालाघाटात कुठंतरी आभाळ फाटलं. उजाडताना सिंदफणा तांबडीलाल होऊन उंबराशी आली. बघता बघता आसरांचे पाय धुतले, कंबर धुतली, आणि सगळं गाव तोंडाचा आ करून बघत असताना साती आसरा पाण्याखाली गेल्या.

आसरा खाली आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. बाया कपाळ बडवायला लागल्या. भगवानराव पाटील गरजले, "त्या ओव्हरसियरनं आसरांना पट्टी लावली, त्याचा ह्यो कोप! पुन्यांदा गावात पाऊल ठिवू द्यायचं न्हाई त्याला!"

आणि नेमकं तेव्हाच पल्याडच्या काठावर लाल निशाण हललं. टोप, रंगीत पट्टी, शेजारी दाढी. बद्रीनाथ! पूर मोजायला आला होता आणि काईल मागत होता.

"बुडू दे तिकडंच," कुणीतरी म्हणालं. धुळाजीनं वल्ह्याला हात लावला नाही. गावापुढं त्याचं काय चालणार?

भामाच्या डोक्यात सहा महिन्यांचा गुंता होता. त्यातली एकच गोष्ट तिला आता लख्ख दिसली: त्या माणसानं तिचं नाव झाकलं होतं, आणि आता गाव त्याचं नाव मातीत घालत होतं. ती पारावर चढली.

"कोपल्या न्हाईत आसरा! त्यांची जागा ती नव्हंच. त्या आपल्या पायांनी उतरल्या न्हाईत. म्या उतरवल्या. आईला चढवत नव्हतं, म्हून."

बायांचं कपाळ बडवणं थांबलं. धुळाजीनं लेकीकडं असं पाहिलं की जणू तिला आज पहिल्यांदा बघतोय. पाटलांच्या मिशा थरथरल्या.

आणि छबुआत्या पुढं झाली. "पाटील, एकेक धोंडा बगा केवढा हाय. आन ही तवा अकरा वर्सांची काडी! तिच्या अंगात एवढं बळ कुठलं? त्यान्लाच यायचं व्हतं खाली, केशरसाठी. म्हून पोरीला उचलू दिलं. चालत आल्या काय आन पोरीच्या उरावर बसून आल्या काय, आल्या त्या त्याच!"

बायांनी मान डोलावली. आता बायांनी मान डोलावल्यावर पाटील काय करतो?

भामानं कासोटा आवळला आणि काईल पाण्यात लोटली.

तोवर दुपार होऊन पाणी जागच्या जागी थबकलं होतं, चढेना की उतरेना. तिरकी धार पकडत ती पल्याड लागली. चाँद म्हणाला, "हम इधरच अच्छे, साब," आणि दोन पावलं मागं सरला. बद्रीनाथ पट्टी घेऊन मुकाट काईलीत बसला.

मधल्या धारेत काईल गरगर फिरायला लागली. वेस दिसली, मग चाँद, मग पुन्हा वेस, मग नुसतं तांबडं पाणी.

"कोणता काठ कुठला, काही कळेना," तो म्हणाला.

"उलट्यातनं सुलट काढायची सवय हाय की तुमाला."

"माणसांचं जमत नाही, म्हटलं होतं."

भामा वल्हं मारत राहिली. मग तिच्यानं राहवेना. "चूक माझी, आन कागदावर तुमचं नाव कावून?"

"तुम्ही आईसाठी केलं होतं ते. सरकारी कागदावर कसं लिहू मी? आणि तपासायचं काम माझं होतं. मीच चुकलो."

"आन चार-पाच म्हैने एक सबूद न्हाई! मला वाटलं, रागावून गेलाव."

"रागावलो होतो. स्वतःवर." तो पाण्याकडं बघत म्हणाला. "खूण चुकीची निघाली आणि मला काय वाटलं माहीत आहे? की आता तीन वर्षं इथं राहायला मिळणार नाही. पुलाचं नंतर सुचलं. असला मी ओव्हरसियर! काय तोंड घेऊन येणार होतो? आणि माझं तोंड उघडलं की पाण्याचंच निघतं..."

भामा वल्हं मारायचं विसरली. तेवढ्यात एक ओंडका येऊन धाडकन काईलीला लागला, वल्हं हातातून सुटलं... आणि बद्रीनाथनं वाकून ते हवेतच धरलं. गुडघे रोवले, काईल धारेला तिरपी घातली आणि दोन फटक्यांत भोवऱ्याबाहेर काढली.

भामा बघतच राहिली. असं वल्हं शाळेत शिकवत नाहीत.

"ह्ये कुठं शिकलाव?"

"राक्षसभुवनला. गोदावरीवर. माझा बाप नावाडी हाय." साहेबी बोली पार धुऊन गेली होती.

"तुमी... आपल्यातलेच? मंग कावून सांगितलं न्हाई?"

"तू कधी इचारलंस? दुर्बीण इचारलीस, कमान इचारलीस. माझं गाव न्हाई इचारलंस."

"आन तुमी तरी मला पाण्याबिगर काय इचारलंत?"

दोघंही हसायला लागले. काईल पुन्हा जरा फिरली; फिरू दे म्हणाले.

"मंग आता इचारतो," बद्रीनाथ म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण वल्ह्यावरचा हात पक्का. "भामा... माझ्यासंगं संसार करशील?"

भामानं काठाकडं बघितलं. "भर धारंत काय सांगत न्हाई म्या," ती कशीबशी म्हणाली. "काठाला लागू द्या."

काठाला लागले तर सारं गाव तिथं उभं. त्यानं पट्टी लावली. पाणी लिंबाच्या पाराशी आलं होतं, जिथं सात वर्षांमागं आसरा मांडल्या होत्या त्याच चिऱ्याशी. बद्रीनाथनं आकडा लिहिला, आणि खाली सही करताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं. उंबराखाली गुडघाभर गाळ, आणि गाळात साती आसरा जागच्या जागी. गावानं ठरवलं, आसरा पुन्हा लिंबाखाली न्यायच्या. आणि जिनं उतरवल्या तिनंच चढवायच्या.

"सातीजणी एकाच पाटीत," पाटील म्हणाले. "बहिणी हायत, तोडायच्या न्हाईत."

भामानं धोंडे धुऊन पाटीत मांडले आणि कडी धरली. पाटी वीतभर उचलली आणि पुन्हा गाळात बसली. तिनं पुन्हा जोर केला. तेव्हा गर्दीतून बद्रीनाथ पुढं आला आणि दुसऱ्या कडीपाशी उभा राहिला.

"आँ? परक्या माणसानं आसरांना हात लावायचा न्हाई!" पाटील ओरडले.

भामानं मान वर केली. साऱ्या सहा महिन्यांचा गोंधळ होता डोक्यात. तो आता कुठं गेला कोण जाणे.

"परका न्हाई, पाटील," ती सगळ्या गावासमोर म्हणाली. "धरा ओ, बगत काय उभे ऱ्हायलाव?"

छबुआत्यानं पदर तोंडाला लावला. बाया एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. दोघांनी पाटी उचलली आणि चढण चढू लागले.

"भामा," अर्ध्या वाटेवर तो हळूच म्हणाला, "काठाला लागल्यावर सांगते म्हणाली होतीस..."

"मंग आत्ता गावासमूर काय सांगितलं? बहिरे हाव का?"

तो एवढा गडबडला की त्याच्या बाजूची पाटी खाली झुकली. मागून धुळाजी खेकसला. तीन दिवसांत पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं त्यानं.

"ए लेका! अर्धं वजन घेतलंस खरं, मधीच टेकवू नगंस!"

बद्रीनाथनं कडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मागं वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

"न्हाई टेकवत," तो म्हणाला, "मामा."